संरक्षणाचा पैसा: ठरवतं कोण, जातो कुठे?

दर वर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला की संध्याकाळच्या चर्चांमध्ये संरक्षणाची तरतूद एका आकड्यात उरकली जाते. २०२५-२६ साठी तो आकडा ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपयांचा होता. आदल्या वर्षीच्या तरतुदीपेक्षा साडेनऊ टक्के जास्त, आणि केंद्राच्या एकूण खर्चात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास वाटा. मग ठरलेला वाद सुरू होतो. काहींना राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंतही न पोचणारी ही रक्कम अपुरी वाटते. काहींना तेवढ्या पैशांत न झालेल्या शाळा आणि दवाखाने दिसतात. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे. पण दोघंही एकूण रकमेपाशी थांबतात. त्या रकमेची आतली वाटणी कशी झाली आणि ती कुणी, कधी ठरवली, हे कुणी विचारत नाही. देश किती सुरक्षित आहे हे या वाटणीवर जास्त अवलंबून असतं. आणि ती वाटणी सीमेपलीकडच्या शत्रूइतकीच आपली अर्थव्यवस्था आणि आपलं राजकारण ठरवत आलं आहे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा आढावा घेतला तर हे स्पष्ट दिसतं.

शंभर रुपयांचा हिशेब

२०२५-२६ च्या तरतुदीचे शंभर रुपये मानले, तर त्यातले जवळपास ४६ रुपये पगार, भत्ते, इंधन, दुरुस्ती, दारूगोळा आणि दैनंदिन कारभारावर जातात. २३ रुपये ६० पैसे निवृत्तिवेतनावर, आणि चार रुपयांच्या आसपास मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या मुलकी संस्थांवर. नवी विमानं, जहाजं, तोफा, रडार, जमीन आणि बांधकाम या भांडवली खर्चाला उरतात २६ रुपये ४० पैसे. रुपयांत सांगायचं तर भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी आणि निवृत्तिवेतन १ लाख ६० हजार ७९५ कोटी. उद्याच्या लढाईची तयारी आणि कालच्या सेवेची देणी जवळजवळ बरोबरीला आली आहेत.

याच अर्थसंकल्पात केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला १ लाख २८ हजार ६५० कोटी होते, म्हणजे लष्करी निवृत्तिवेतनापेक्षा कमी. अर्थात शिक्षण आणि आरोग्याचा मोठा भार राज्यं उचलतात, संरक्षणाचा सगळा भार केंद्रावर असतो, हे विसरून तुलना करणं बरोबर नाही. त्याहून बोलकी तुलना व्याजाशी आहे. जुन्या कर्जांच्या व्याजापोटी केंद्राने त्याच वर्षी पावणेतेरा लाख कोटींची तरतूद केली होती, संरक्षणाच्या जवळपास दुप्पट. संरक्षणासाठी जास्त पैसा हवा असं म्हणणाऱ्याने आधी सरकारच्या तिजोरीचा हा तळ पाहायला हवा.

वाटणीचा परिणाम किती खोलवर जातो, हे मार्च २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीसमोर आलं. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीला सांगितलं, की लष्कराकडची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट झालेली आहे, २४ टक्के चालू काळातली आणि जेमतेम ८ टक्के अत्याधुनिक. तिन्हींचं प्रमाण साधारण एक तृतीयांश असणं योग्य मानलं जातं. त्या वर्षीच्या तरतुदीने आमच्या आशांवर पाणी फिरवलं, असंच त्यांच्या सांगण्याचं सार होतं. गणवेशातला वरिष्ठ अधिकारी लोकप्रतिनिधींसमोर इतकं स्पष्ट बोलतो, हीच त्या परिस्थितीची गंभीरता होती.

युद्ध आलं की तिजोरी उघडते

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास राहिला. त्यामागे एक विचार होता. गरीब देशाने आधी धरणं, पोलाद आणि शेती उभी करावी. परराष्ट्र धोरण नीट सांभाळलं तर सैन्यावर जास्त खर्च करावा लागणार नाही. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईने हात आणखी आखडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्यात पैशांवरून ओढाताण होत राहिली. मात्र त्याच काळात हिमालयात पुढे पुढे चौक्या उभारण्याचं धोरण चालू होतं. धोरण आणि पैसा यांची गाठ कुठेच घातली गेली नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची किंमत जवानांनी मोजली.

युद्ध चालू असतानाच यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्याच अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद मूळ तरतुदीच्या दुपटीहून अधिक झाली, आणि राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा साडेतीन-चार टक्क्यांच्या घरात गेला. १९६४ मध्ये चव्हाणांनी पाच वर्षांची संरक्षण योजना मांडली: सव्वाआठ लाखांचं लष्कर, ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल, जहाजांचं नूतनीकरण आणि देशातच उत्पादनाचा पाया. धोका काय, सैन्य किती, पैसा किती, हे तिन्ही एका कागदावर आणण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. म्हणूनच चव्हाणांची ती कारकीर्द आजही अभ्यासण्यासारखी आहे.

त्या पैशांची झळ घरोघरी बसली. १९६३ मध्ये सक्तीची बचत योजना आली, सुवर्ण नियंत्रण आलं, सराफकट्ट्यावरच्या हजारो कारागिरांच्या पोटावर पाय आला. पाठोपाठ १९६५ चं युद्ध, अमेरिकेने रोखलेली मदत आणि दोन वर्षांचा दुष्काळ. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला, आणि पंचवार्षिक योजनेला तीन वर्षांची सुट्टी द्यावी लागली. संरक्षण हे या संकटाचं एकमेव कारण नव्हतं. पण सुस्तीची वर्षं आणि त्यानंतरची घाईची वर्षं, या चक्रात देशाला दोन्हीकडून भुर्दंड पडतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो आपण पुरता गिरवला नाही. १९९९ मध्ये कारगिलनंतर धावाधाव झाली. २०१६ मध्ये उरीनंतर आणि २०२० मध्ये गलवाननंतर आपत्कालीन खरेदीचे अधिकार द्यावे लागले. मे २०२५ मधल्या ‘ऑपरेशन सिंदूर’नंतरही तेच. आपत्कालीन खरेदीत घासाघीस करायला वेळ नसतो आणि विकणाऱ्याला आपली गरज ठाऊक असते.

अर्थव्यवस्था खचली की

उलट्या दिशेचा धडा १९९१ चा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात भारताने मोठी शस्त्रखरेदी केली, राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’चा प्रचंड युद्धसराव केला, श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. खर्चाचा वाटा पुन्हा वर चढला. त्याच काळात सरकार कर्ज काढून घर चालवत होतं. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोनं गहाण पडलं. वर्षअखेरीस सोव्हिएत संघ कोसळला. त्या देशाशी आपला व्यवहार रुपयांत चाले. आता डॉलर मोजायचे, आणि सुटे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या नव्या देशांत विखुरलेले. विमानं आणि रणगाडे उभे राहिले ते सुट्या भागांवाचून. सैन्याची ताकद देशाच्या चलनसाठ्यावर कशी टांगलेली असते, हे त्या दशकातल्या प्रत्येक तंत्रज्ञाने जवळून पाहिलं.

चीनने याच काळात वेगळी वाट धरली. १९८५ मध्ये डेंग श्यावफिंग यांनी सैन्यात दहा लाखांची कपात जाहीर केली आणि सेनेला थांबायला सांगितलं: आधी अर्थव्यवस्था. १९९० साली भारत आणि चीन यांच्या अर्थव्यवस्था डॉलरमध्ये जवळपास सारख्या आकाराच्या होत्या. आज चीनची अर्थव्यवस्था आपल्या पाचपटीच्या आसपास आहे. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये चीनने लष्करावर ३१४ अब्ज डॉलर खर्च केले, भारताने ८६ अब्ज. वाट्याच्या दृष्टीने पाहिलं तर चीनचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.७ टक्के, आपला त्याहून जास्त. म्हणजे कमी टक्क्यांत त्यांचा खर्च आपल्या साडेतीनपट. ‘तीन टक्के द्या’ ही संसदीय समितीपासून सेनाधिकाऱ्यांपर्यंत अनेकांची मागणी आहे. ती समजण्यासारखी आहे. पण टक्का वाढवून ही दरी भरणार नाही. अर्थव्यवस्था वाढवणं हाही संरक्षणाचाच भाग आहे.

मग संरक्षण खर्चाने विकासाला मदत होते की खीळ बसते? एमिल बेनुआ या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांचा अभ्यास करून सांगितलं, की जास्त संरक्षण खर्च आणि जास्त विकासदर बरोबरीने जाताना दिसतात. सैन्य तरुणांना शिस्त आणि कौशल्य देतं, रस्ते बांधतं, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. पुढच्या अभ्यासकांनी त्याला आव्हान दिलं: ज्या देशांना बाहेरून मदत मिळत होती त्यांचे दोन्ही आकडे वाढले असतील, आणि संरक्षणाकडे वळलेली गुंतवणूक इतर क्षेत्रांतून कमी होते. पन्नास वर्षांनंतरही एकमत नाही. एवढं मात्र बहुतेकांना मान्य आहे, की पैसा देशातल्या संशोधनावर आणि उत्पादनावर गेला तर त्याचा काही भाग अर्थव्यवस्थेत परततो. तयार शस्त्रं बाहेरून आणली तर तो परतत नाही. आपल्याकडे संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओला संरक्षण तरतुदीच्या चार टक्क्यांच्या आसपास मिळतात. त्यातून मोठी अपेक्षा कशी करायची?

बोफोर्सची सावली

शस्त्रखरेदीत राजकारण शिरलं की काय होतं, याचं सगळ्यांत महागडं उदाहरण बोफोर्सचं. मार्च १९८६ मध्ये स्वीडिश कंपनीकडून १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफा घेण्याचा सुमारे १,४३७ कोटींचा करार झाला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली. ६४ कोटींच्या दलालीचा आरोप १९८९ च्या निवडणुकीचा मुख्य मुद्दा झाला आणि केंद्रातलं सरकार गेलं. खटले पंधरा-वीस वर्षं चालले. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधींवरचे लाचेचे आरोप फेटाळले. तीच तोफ १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर निर्णायक ठरली.

खरा तोटा मात्र वेगळाच होता. त्यानंतर जवळपास तीस वर्षं लष्कराला नवी मोठी तोफ मिळाली नाही. दलालीच्या आरोपावरून कंपन्या काळ्या यादीत जात राहिल्या, निविदा रद्द होत राहिल्या, आणि फाइलवर सही करण्यापेक्षा ती पुढे ढकलणं अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना सुरक्षित वाटू लागलं. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली; २०१६ मध्ये करार झाला तो ३६ राफेलचा. हवाई दलाला मंजूर ४२ स्क्वाड्रन. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाली तेव्हा हाती उरल्या २९. भ्रष्टाचाराचा तपास व्हायलाच हवा. पण निर्णय न घेणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याचा जाब कधीच कुणाला द्यावा लागत नाही.

पुण्यातल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आखलेल्या देशी तोफेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २०१२-१३ च्या सुमारास काम सुरू झालं. भारत फोर्ज आणि टाटा या दोन खासगी कंपन्या बरोबर होत्या. २०१७ मध्ये पोखरणला या तोफेने सत्तेचाळीस किलोमीटरहून जास्त पल्ला गाठला. मग वाळवंटातल्या, बर्फातल्या, उंचीवरच्या चाचण्या. २०२० मध्ये चाचणीत नळी फुटली, पुन्हा तपासणी, पुन्हा चाचण्या. ३०७ तोफांचा करार झाला मार्च २०२५ मध्ये. तोफ उत्तम आहे. पण संकल्पनेपासून करारापर्यंत बारा वर्षं लागत असतील, तर दर वर्षी मंजूर होणारा आणि ३१ मार्चला संपणारा पैसा या कामाला कसा पुरा पडणार? २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चासाठी १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात ते साडेबारा हजार कोटींनी खाली आले. न संपणाऱ्या निधीची घोषणा २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पात झाली होती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सुमारे २ लाख ३८ हजार कोटींच्या आधुनिकीकरण निधीची शिफारस केली. सरकारने ती तत्त्वतः स्वीकारली, पण निधी काही उभा राहिला नाही.

मत, मान आणि निवृत्तिवेतन

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. अशा गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एक तरी पोरगा फौजेत जातो. पश्चिम महाराष्ट्रात पहाटे रस्त्याने जा: भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्यांमधली मुलं डांबरीवर पळत असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, बीमवर दहा पुल-अप्स, नऊ फुटांचा खड्डा. कोरडवाहू जमिनीवर घर चालत नाही आणि कारखान्यात कायमची नोकरी मिळत नाही, तेव्हा फौज हा मानाचाही आणि पोटाचाही मार्ग असतो. म्हणून सैन्यातल्या पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न या घरांमध्ये नेहमीच राजकीय असतो.

‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी दशकानुदशकं जुनी. जवान ३५-४० व्या वर्षी निवृत्त होतो, त्याच्यापुढे आयुष्य पडलेलं असतं. आधी निवृत्त झाला म्हणून त्याला कमी मिळावं हा अन्याय होता. सप्टेंबर २०१३ मध्ये नरेंद्र मोदींनी रेवाडीच्या माजी सैनिकांच्या सभेत याच मुद्द्यावरून केंद्र सरकारला घेरलं. फेब्रुवारी २०१४ च्या हंगामी अर्थसंकल्पात तेव्हाच्या सरकारने घाईने ५०० कोटी ठेवले. २०१५ च्या उन्हाळ्यात माजी सैनिक जंतरमंतरवर बसले, आणि सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली. सरकारचाच अंदाज वर्षाला आठ ते दहा हजार कोटींच्या वाढीव बोजाचा होता. मागणी न्याय्य होती. पण हा वाढीव पैसा कुठून आणायचा, आधुनिकीकरणातून कापायचा की वेगळा उभा करायचा, यावर एकाही पक्षाने मतदारांसमोर प्रामाणिक उत्तर दिलं नाही.

पर्रीकरांनी दुसऱ्या टोकालाही हात घातला होता. पैशांअभावी पर्वतीय आक्रमण कोअरच्या विस्ताराला त्यांनी लगाम घातला. लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीने मागच्या फळीतलं मनुष्यबळ पुढे आणण्याच्या, जुने विभाग आणि लष्करी गोशाळा बंद करण्याच्या शिफारशी केल्या. त्यांतल्या बऱ्याच अमलात आल्या.

जून २०२२ च्या अग्निपथ योजनेने तर भरतीचाच साचा बदलला: चार वर्षांची सेवा, त्यानंतर चौघांतल्या एकाला कायम, बाकीच्यांना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. सरकारने तरुण सैन्याचं कारण दिलं. निवृत्तिवेतनाचा वाढता बोजा पाहता आर्थिक कारणही उघड होतं, पण ते मोकळेपणाने मांडलं गेलं नाही. बिहारमध्ये रेल्वेचे डबे जळाले, २०२४ च्या निवडणुकीत उत्तरेत हा मुद्दा तापला. निवृत्तिवेतनातली बचत दिसायला अजून पंधरा-वीस वर्षं लागतील. चार वर्षांनी परतलेल्या तरुणाचं पुढे काय, हा प्रश्न मात्र लगेच दाराशी येईल. बचतीचा हिशेब आणि या तरुणांच्या नोकरीचा हिशेब एकत्रच मांडायला हवा.

कारखाना कुणाच्या जिल्ह्यात?

संरक्षण खर्च म्हणजे रोजगारही. १९६४ मध्ये मिग विमानांच्या कारखान्यांची वाटणी झाली, तेव्हा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला आली. एकाच हल्ल्यात सगळं जाऊ नये हे लष्करी कारण, मागास भागांना उद्योग मिळावा हे आर्थिक, आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री नाशिकचेच खासदार होते हे राजकीय वास्तव. तिन्ही कारणं एकत्र नांदू शकतात. त्याच ओझरमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसच्या नव्या आवृत्तीच्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं, ही त्या जुन्या गुंतवणुकीची फळं.

महाराष्ट्रात खडकीपासून वरणगाव, भंडारा, भद्रावतीपर्यंत दहा आयुध निर्माणी आहेत. खडकीची तर १८६९ ची. मुंबईच्या माझगाव गोदीत सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या गेल्या, शेवटची ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. तरीही २०१८ मध्ये संरक्षण उद्योगाचे दोन अधिकृत पट्टे जाहीर झाले ते उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूत. २०२२ मध्ये सी-२९५ विमानांचा प्रकल्प वडोदऱ्याला गेला, तेव्हा नागपूरच्या मिहानचं नाव घेऊन राज्यात मोठा गदारोळ झाला. अशा वेळी राज्याभिमानाच्या पलीकडे जाऊन एक साधा प्रश्न विचारावा: जागेची निवड कोणत्या निकषांवर झाली, आणि ते निकष छापील स्वरूपात लोकांसमोर आहेत का? ते नसतील, तर प्रत्येक प्रकल्प ही कुणाची तरी कृपा आणि कुणावर तरी अन्याय वाटत राहणार.

देशी उत्पादनाची दिशा मात्र आशादायक आहे. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी असलेली संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३ हजार ६२२ कोटींवर गेली. खरेदीच्या निधीतला पाऊण हिस्सा देशी उत्पादकांसाठी राखला जातो. तरीही २०२० ते २०२४ या काळात भारत जगातला दुसऱ्या क्रमांकाचा शस्त्र आयातदार होता, आणि तेजसचं उत्पादन अमेरिकी इंजिनांच्या प्रतीक्षेत रखडलं. इंजिन ज्याच्या हातात, वेळापत्रकही त्याच्याच हातात.

सभागृहातली शांतता

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगासमोर आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात लष्करी खर्चाची चिरफाड केली. ब्रिटिश साम्राज्याच्या विस्ताराचा खर्च हिंदी रयतेच्या मिठावरच्या करातून का, हा त्यांचा सवाल होता. त्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मतदानाचा अधिकार नव्हता. आपल्या खासदारांना आज तो अधिकार पूर्ण आहे. आणि २०१८ मध्ये, पुन्हा २०२३ मध्ये, लोकसभेने सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या, संरक्षणासकट, एका दमात चर्चेविना मंजूर केल्या. गोंधळाला दोन्ही बाजू जबाबदार होत्या. लाखो कोटी रुपये एका शब्दाच्या चर्चेशिवाय मंजूर होतात, आणि आपल्याला त्यात वावगं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. संरक्षणावर प्रश्न विचारणं म्हणजे सैन्यावर अविश्वास दाखवणं, ही समजूत आपण सगळ्यांनी मिळून रुजू दिली आहे. स्थायी समित्यांचे अहवाल वाचले की कळतं, प्रश्न विचारले जावेत असं सैन्यालाच वाटतं.

म्हणून मागणी तीन गोष्टींची असावी. पहिली, राष्ट्रीय सुरक्षेचं लेखी धोरण प्रसिद्ध व्हावं. गोपनीय तपशील वगळून, पण कोणत्या धोक्यासाठी कसलं सैन्य हे सांगणारं. आजवर असा दस्तऐवज देशासमोर आलेला नाही. दुसरी, भांडवली खर्चाला बहुवर्षीय निधीची कायदेशीर हमी मिळावी आणि निवृत्तिवेतनाचा पुढच्या वीस वर्षांचा अंदाज दर अर्थसंकल्पासोबत जोडला जावा, म्हणजे निवडणुकीतल्या प्रत्येक आश्वासनाची किंमत आधी दिसेल. तिसरी, संरक्षणाच्या मागण्यांवर लोकसभेत किमान दोन दिवसांची चर्चा सक्तीची व्हावी. यातल्या एकाही गोष्टीला जादा पैसा लागत नाही. पुढच्या वेळी उमेदवार शहिदांच्या नावाने मत मागायला दारात येईल, तेव्हा या तीन गोष्टींवर त्याने सभागृहात काय केलं, हे त्याला विचारलं पाहिजे. उत्तर आलं नाही, तर मत देताना ते लक्षात ठेवलं पाहिजे.